वाचकांचे प्रश्न : तुमचा फोन नेमका कोणत्या माइकनं ऐकतोय?

गेल्या अंकात फोनवरच्या आवाजाबद्दल प्रश्न पाठवा म्हणून सांगितलं होतं. इतके आले की सगळे घेणं शक्य नाही. एकाच अडचणीची पत्रं एकत्र केली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, लातूरला गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर माझं साउंडचं दुकान आहे. २७ वर्षं झाली. आधी मांडवात कर्णे बांधले, मग सप्ते केले, लग्नं केली. आता दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक हातात फोन धरूनच पायरी चढतं आणि म्हणतं, "दादा, आवाज नीट येईना."

प्रश्न : मी गणिताची शिकवणी घेते आणि मुलांसाठी धडे फोनवर रेकॉर्ड करते. आवाज घुमतो म्हणून कॉलरचा माइक घेतला, चांगला लांब वायरचा. तरी आवाज विहिरीतून आल्यासारखाच येतो. माइक खराब निघाला का? — एक शिक्षिका, औसा

ताई, माइक परत करायच्या आधी एवढं करून बघा. रेकॉर्डिंग सुरू करा आणि कॉलरच्या माइकवर नखानं हळूच दोन-तीनदा खाजवा. मग फोनच्या खालच्या कडेला बारीक भोक असतं, तिथं खाजवा. आता ऐका. कुठली खरखर मोठी आली? माझा अंदाज, फोनची. म्हणजे माइक पदराला लावलेला आहे, वायर फोनला खोचलेली आहे, आणि फोन मात्र सहा फुटांवरून स्वतःच्याच माइकनं ऐकतोय. माइकचा यात काही दोष नाही.

आता वायरच्या टोकाची पिन उजेडात धरा आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर पिनेचे तीन भाग झाले; ती कॅमेऱ्याची पिन. तीन रेघा असतील तर चार भाग, ती फोनची. फोनच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकात चार संपर्क असतात : डावा कान, उजवा कान, अर्थ (अर्थिंगमधला) आणि माइक. तीन भागांची पिन आत गेली की तिचा शेवटचा लांब भाग अर्थ आणि माइक या दोन्हींवर एकदम टेकतो. दोन्ही एक झाले की फोन समजतो, कुणीतरी नुसता ऐकायचा हेडफोन लावलाय, याला माइक नाही. मग तो आपला माइक चालू ठेवतो. पडद्यावर काही सूचना येत नाही, रेकॉर्डिंग सुरळीत चालल्यासारखं दिसतं.

यावर उपाय स्वस्त आहे. तीन भागांची पिन घेऊन चार भागांची करणारा छोटा कनेक्टर मिळतो. नाहीतर दोन तोंडांची वाय-केबल मिळते. तिच्या एका तोंडावर माइकचं चित्र असतं, एकावर हेडफोनचं. माइकच्या तोंडात तुमची वायर घाला. माइकच्या डबीवर कॅमेरा आणि स्मार्टफोन असं बटण असेल तर ते फोनकडे आहे ना, हेही बघून घ्या. बोयाच्या बीवाय-एम१ या माइकला असं बटण आहे, सहा मीटरची वायर आहे, पिन मुळातच चार भागांची आहे. बटण कॅमेऱ्याकडे सरकलं की त्याला आतला एलआर४४ हा बटण-सेल लागतो, आणि तो उतरलेला असला की माइक मुका.

ही गोष्ट मी एवढी लांबवून सांगतोय, कारण माझ्या हातून हे घडलेलं आहे. आमच्या गावात ऐंशी पार केलेले एक वारकरी बाबा होते. त्यांना ज्या गौळणी येत होत्या त्या दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी आजवर ऐकलेल्या नाहीत. २०१७च्या उन्हाळ्यात मी त्यांना देवळात बसवलं, खांद्यावरच्या उपरण्याला माइक लावला आणि दोन तास रेकॉर्डिंग केलं. बाबा खुशीत होते, एकेक चाल दोन-दोनदा म्हणून दाखवत होते. माइक चांगला होता, पण कॅमेऱ्याचा. फोन पंधरा फुटांवर कूलरशेजारच्या कट्ट्यावर ठेवलेला. घरी येऊन ऐकलं तर दोन तास कूलर ऐकू येतोय आणि त्याच्या पलीकडे कुठंतरी बाबा. पुन्हा करू म्हणालो. त्या वर्षीच्या थंडीत बाबा गेले. ती फाइल माझ्याकडे आहे. संगणकावर घेऊन कूलर कमी करायचा प्रयत्न केला, तर बाबांचे शब्दही झिजतात. तेव्हापासून नखानं खाजवून, ऐकून बघितल्याशिवाय मी कुणालाही "हं, म्हणा" म्हणत नाही.

माइक चालू झाला की तो लावायचा कुठं, तर हनुवटीखाली एक वीत. अंतराचा हिशेब साधा आहे : तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलनं वाढतो. फोन दोन मीटरवर आणि माइक वीस सेंटिमीटरवर, म्हणजे दहापट जवळ. तिथं वीस डेसिबलचा फरक पडतो. खोलीतला घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून विहीर गायब होते. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत महागातला महाग माइक लांब ठेवला तरी घुमणारच, आणि दोन-तीनशेचा माइक जवळ लावला तर मुलांना शब्द न् शब्द कळेल. फक्त पदराची चुणी माइकवर येऊ देऊ नका आणि मंगळसूत्र माइकवर आपटणार नाही अशा बाजूला तो लावा. मणी आपटल्याचा आवाज हेडफोनमध्ये दगड पडल्यासारखा येतो.

प्रश्न : सोयाबीन आणि तुरीवर व्हिडिओ करतो. नव्या फोनला हेडफोनचं भोकच नाही, म्हणून टाइप-सी रिसीव्हरवाला वायरलेस माइक घेतला. घरात झकास चालतो. शेतात गेलं की वाऱ्याचा भडभड आवाज येतो, मधेच आवाज तुटतो, आणि कधी कधी सगळा व्हिडिओ फोनच्याच माइकवर झालेला असतो. — एक शेतकरी, सेनगाव (जि. हिंगोली)

दादा, तुमच्या तीन अडचणी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

शेवटची आधी घेतो. बऱ्याच फोनमध्ये, खास करून ओप्पो, विवो, रियलमी, वनप्लस यांच्यात, ओटीजी नावाचं एक बटण सेटिंगमध्ये असतं. ते चालू केल्याशिवाय टाइप-सीला लावलेला रिसीव्हर फोनला दिसत नाही. आणि दहा मिनिटं काही वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं. तुम्ही घरी चालू करून निघता, बांधावर पोचेपर्यंत ते बंद पडलेलं असतं. म्हणून रिसीव्हर शेतात गेल्यावर लावा, ओटीजी तिथं चालू करा आणि मग खाजवून बघा. एवढं करूनही फोनचा कॅमेरा बाहेरचा माइक घेत नसेल तर ओपन कॅमेरा हे फुकटचं ॲप घ्या. आवाज कुठून घ्यायचा हे त्यात निवडता येतं.

आवाज तुटतो तो तुमच्या अंगामुळे. हे माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथही चालतं. या लहरी पाण्याला अडतात, आणि माणसाचं शरीर बहुतेक पाणीच. तुम्ही पाठ करून तुरीकडे बोट दाखवता तेव्हा छातीवरचा माइक आणि फोन यांच्यामध्ये तुम्ही स्वतः उभे असता. पाठमोरं बोलायचं असेल तर माइक खांद्यावर, फोनच्या बाजूला लावा. भिजलेली उंच तूर मध्ये आली तरी थोडाफार तोच परिणाम होतो.

वाऱ्याचा भडभडाट हा खरं तर आवाजच नाही. वारा माइकच्या पडद्यावर धडकतो आणि तिथंच भोवरे तयार होतात. सोबत मिळालेलं काळं स्पंज तोंडाच्या फुंकरीला पुरतं, माळावरच्या वाऱ्याला पुरत नाही. त्याला लांब केसांची टोपी लागते. ती केसाळ टोपी वाऱ्याचा वेग केसांतच जिरवते आणि आवाज आत जाऊ देते. विकत मिळते, नाही मिळाली तर जुन्या खेळण्याच्या अस्वलाचं लांब केसांचं कापड कापून, आत स्पंज ठेवून, रबरानं बांधा. माझ्या दुकानातली पहिली टोपी अशीच मुलीच्या खेळण्यातून झाली आणि ती अजून वापरात आहे. कापडाची पाठ जाड किंवा रबरी नको, विणीतून फुंकर पार जायला हवी. आणि बोलताना वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, अंगाच्या आडोशानं बराच फरक पडतो.

हेडफोनचं भोक नसलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. आयफोनमधून ते २०१६ साली गेलं, मग हळूहळू इतरांतूनही गेलं. टाइप-सीमधून ३.५ मिलिमीटर काढणारे कनेक्टर दोन जातींचे असतात. एकात नुसत्या तारा असतात, दुसऱ्यात आकड्यांचा आवाज करणारी चिप असते, तिला डॅक म्हणतात. नुसत्या तारांचा कनेक्टर काही मोजक्या फोनांवरच चालतो. आणि डॅकवाल्यांतही काही फक्त ऐकवतात, माइक आत घेतच नाहीत. दुकानात पैसे द्यायच्या आधी आपला फोन, आपला माइक लावून रेकॉर्ड करून बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

प्रश्न : कॉलवर समोरच्याला माझा आवाज दबका येतो. जिनिंगमध्ये कामाला आहे. — मानवत (जि. परभणी)

आधी फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरमध्ये बोलून ऐका. तिथं आवाज स्वच्छ असेल तर अडचण बहुधा नेटवर्कची. तिथंही दबका असेल तर माइकच्या भोकात कापसाची किंवा धुळीची भर बसली आहे, किंवा कव्हर भोकावर सरकलं आहे. कव्हर काढा, फोनचं तोंड जमिनीकडे करा आणि कोरड्या मऊ टूथब्रशनं झाडा. सुई किंवा सिमची पिन भोकात घालायची नाही. आत तांदळाच्या दाण्याहून पातळ पडदा असतो. सिमचं भोक समजून माइकच्या भोकात पिन खुपसलेले फोन माझ्याकडे येतात; त्यांचा माइक बदलावाच लागतो.

प्रश्न : आमच्या गावच्या सप्त्यात महाराजांचं कीर्तन मिक्सरमधून थेट फोनमध्ये घेतलं. मोठ्यानं बोलले की आवाज फाटतो, आणि सगळा वेळ मागं 'हूंऽऽ' असा आवाज आहे. नंतर ॲपमध्ये दुरुस्त होईल का? — एक टाळकरी, गंगाखेड

जनाबाईंच्या गावचं पत्र आलं, बरं वाटलं. माउली, 'हूं' थोडाफार कमी होईल. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. लाटेचं डोकंच कापलं गेलेलं असतं, ते परत कुठून आणणार?

फाटतो तो व्होल्टेजमुळे. मिक्सरच्या मागच्या रेकॉर्डच्या भोकातून येणारा सिग्नल एक व्होल्टच्या आसपास, कधी थोडा कमी. फोनच्या माइकच्या वाटेला काही हजारांश व्होल्टची सवय. मोटेचं पाणी झारीत ओतल्यासारखं होतं. मिक्सरवर आवाज कमी करून बघितला असेल, पण मग इकडं कर्ण्यातही कमी होतो. मध्ये आवाज उतरवणारी, रोध (रेझिस्टर) घातलेली केबल लागते. ती तीस-चाळीस डेसिबल उतरवते आणि फोनला माइक जोडल्यासारखं भासवते. किंवा यूएसबीचा छोटा ऑडिओ इंटरफेस घ्या, त्याला लाइनचं, म्हणजे मिक्सरच्या जोरदार सिग्नलचं, वेगळं भोक असतं. सप्ता दरवर्षी करणार असाल तर दुसरी गोष्ट घ्या, वर्गणीत बसते.

'हूं' बहुतेक चार्जरचा. दोन तासांचं कीर्तन म्हणून तुम्ही फोन चार्जिंगला लावला असणार. मिक्सरचा अर्थ आणि चार्जरचा अर्थ असे दोन रस्ते एकमेकांना जोडले जातात आणि पन्नास हर्ट्झची वीज त्या चक्रातून फिरत राहते. आपल्याकडे मांडवातल्या बोर्डाला अर्थिंग नसतंच म्हटलं तरी चालेल. फोन भरून आणा, चार्जर काढा, फारच लागलं तर पॉवर बँक लावा.

पण मला स्वतःला मिक्सरमधून घेतलेलं कीर्तन आवडत नाही. त्यात महाराजांचा आवाज आणि पेटी येते. टाळकऱ्यांची साथ, विठ्ठलाचा गजर, समोरच्या माणसांचं हसणं येत नाही, कारण त्यांच्यापुढे माइकच नव्हता. माझी पद्धत वेगळी आहे. घरात पडलेला जुना फोन घ्या, स्क्रीन फुटलेली असली तरी चालेल. विमान मोडवर टाका, कॉलर माइक लावा, रेकॉर्डिंग सुरू करून महाराजांच्या बाराबंदीच्या खिशात ठेवा. दुसरा फोन श्रोत्यांमध्ये, मृदंगापासून दहा-बारा फूट दूर, उंचावर. दोन्ही सुरू झाले की मांडवात एक जोराची टाळी वाजवा. पुढं संगणकावर दोन्ही फाइलींतली ती टाळी एकाखाली एक आणली की दोन्ही आवाज जुळतात. वायर नाही, मिक्सर नाही, अर्थिंग नाही.

मृदंगापासून दूर म्हणतोय ते मनावर घ्या. हलगी, संबळ, मृदंग यांच्या थापेशी फोन ठेवला की फोनचा माइक आधी फाटतो आणि मग फोनमधली आपोआप आवाज कमी-जास्त करणारी यंत्रणा घाबरल्यासारखी सगळंच खाली ओढते. तुळजापूरच्या गोंधळाचे असे कितीतरी व्हिडिओ मी बघितले आहेत : संबळाची थाप पडते आणि गोंधळ्याचा शब्द नाहीसा होतो, थाप थांबली की तो हळूहळू वर येतो. दहा फूट मागं सरकलं असतं तर दोन्ही आलं असतं.

प्रश्न : ब्लूटूथ इअरबडवर गाणी सुंदर वाजतात. पण ऑनलाइन मुलाखतीच्या सरावाला बसले की माझा आवाजही डबड्यातून येतो आणि समोरच्यांचाही. पैसे वाया गेले का? — स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

वाया नाही गेले. ब्लूटूथला दोन रस्ते आहेत. एक नुसतं ऐकायचा, एकतर्फी, चांगला रुंद. गाण्यात सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला आवाज तिथून येतो. दुसरा बोलायचा आणि ऐकायचा, दुतर्फी, अरुंद. माइक चालू झाला की इअरबड रुंद रस्ता सोडून अरुंद रस्त्यावर उतरतात. तिथं जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० वेळा मोजणी होते, नव्या पद्धतीत १६,००० वेळा. ८,०००च्या पद्धतीत चार हजार हर्ट्झच्या वरचं काहीच पोचत नाही, आणि 'स'चा जीव तर तिथंच असतो. म्हणून 'साठ' म्हटलं तर 'आठ' ऐकू येतं. एलसी३ ही नवी पद्धत बरीच चांगली आहे, पण ती फोन आणि इअरबड दोघांतही असावी लागते.

मुलाखतीला वायरचा साधा हेडफोन लावा, माइक वायरवरच असतो तो. हातात धरून तोंडाशी नेऊ नका, श्वास आदळतो. लटकू द्या. आणि गाण्याचा रियाज ब्लूटूथवर करणाऱ्यांनाही हेच सांगतो : त्यात आवाज एक-दोन दशांश सेकंद उशिरा कानात येतो, तेवढ्यात सम निघून जाते.

प्रश्न : नवीन इअरफोनमध्ये ढोलकीचा घुमारा अजिबात नाही. भावाच्या कानात मात्र तेच छान वाजतात! — उदगीर

रबरी टोप्या बदला. पाकिटात तीन मापांच्या येतात आणि मधली आधीच चढवलेली असते. बाकीच्या दोन जोड्या लोक डबीसकट कपाटात टाकतात. टोपी कानात घट्ट बसली नाही की खालचे स्वर फटीतून निसटतात. डाव्या कानाला एक माप आणि उजव्याला दुसरं लागलं तरी बिनधास्त घाला. माझ्या स्वतःच्या दोन कानांचं माप सारखं नाही.

प्रश्न : मुलगा लातूरला नीटच्या तयारीला आहे. दिवसाचे सात-आठ तास कानात हेडफोन. कानाला काही होईल का, ही एकच काळजी. — एक आई, नांदेड

ताई, तास आणि आवाज दोन्ही मिळून बघायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं घातलेली मर्यादा अशी : मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. आवाज तीन डेसिबल वाढला की वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८३ला वीस तास, ८६ला दहाच. तुमचा मुलगा आठवड्याला पन्नास तास ऐकतो, तेव्हा मुलांची मर्यादा धरली तर त्याला आवाज ७५च्याही खाली ठेवावा लागेल. आणि शिकवणीचा आवाज तेवढ्यात स्पष्ट कळतो, शांत खोली असली तर.

पण त्याची खोली शांत नाही, हेच बहुधा मूळ आहे. एका खोलीत तीन पोरं, वर पंखा, खिडकीत कूलर, खाली मेस. त्यावर मात करायला पोरं आवाज वाढवत जातात आणि त्यांना ते कळतही नाही. म्हणून त्याला कान नीट बंद करणारे इअरफोन घेऊन द्या, वर उदगीरकरांना सांगितलं तसं माप बघून. बाहेरचं कमी आलं की तो आपणहून आवाज खाली आणेल. आवाज आपोआप रद्द करणारे महागडे हेडफोन कूलरची किंवा एसटीच्या इंजिनाची सलग घरघर चांगली घालवतात, शेजारच्या पोरांची बडबड तेवढी नाही. रात्री हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजते का, एवढं त्याला विचारा. वाजत असेल आणि झोपून उठल्यावरही राहत असेल तर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : आमची आजी ब्याऐंशीची आहे. तिला जात्यावरच्या शंभर-दीडशे ओव्या येतात, एकही कुठं लिहिलेली नाही. जातं अजून आहे. माझ्याकडे साधा फोन आणि कॉलरचा माइक आहे. दिवाळीला गावी जाणार आहे, एकाच सुट्टीत रेकॉर्ड करायचं आहे. कसं करू? — नात, मूळ गाव कळंब (जि. धाराशिव)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, बाळा. याच पत्रासाठी हे सदर लिहायला घेतलं म्हटलंस तरी चालेल.

गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. आपल्या माजलगावच्या बायकांच्याही त्यात आहेत. जायच्या आधी चार-पाच ऐक. जात्याची घरघर आणि गळा यांचं नातं काय असतं ते कानाला कळेल.

आजीला नुसतं खुर्चीत बसवून "ओव्या म्हण" म्हणू नकोस. जातं फिरल्याशिवाय ओवी आठवत नाही. हात फिरला की पुढचा शब्द आपसूक येतो, हे मी माझ्या आईचं बघितलं आहे. तिला दळायला झेपत नसेल तर खुंट्याला समोरून तू हात लाव, जोर तुझा आणि लय तिची. जात्यात ज्वारी घालायचीच. रिकामं जातं फिरवलं तर दगडावर दगड घासून कर्कश ओरडतो आणि टाक्यांची, म्हणजे दगडावरच्या खाचांची, वाट लागते. मूठमूठ दाण्यांची वैरण पडत राहिली की घरघर मऊ होते आणि तिच्यावर गळा तरंगतो.

कॉलरचा माइक तिच्या पदराला लावू नकोस. वरच्या उत्तरात शिक्षिकाबाईंना तोच सांगितला, पण त्या उभ्या राहून बोलतात. दळणारी बाई पुढंमागं झुलते, लुगडं प्रत्येक फेऱ्याला घासतं, ती खसखस ओवीवर चढते. तिच्यासमोर, जात्याच्या पलीकडच्या अंगाला, घडवंचीवर किंवा पालथ्या हंड्यावर माइक बांध, तिच्या छातीच्या उंचीला, तोंडापासून हातभर. ती पुढं झुकली की जवळ येईल, मागं गेली की लांब, तो चढउतार चालतो. हंड्याखाली वाकळीची चौपदरी घडी घाल, नाहीतर जात्याची थरथर जमिनीतून वर चढून माइकमध्ये शिरते. दुसरा फोन मिळाला तर तो जात्याशेजारी जमिनीवर, वाकळीवरच, नुसत्या जात्यासाठी. दोन्ही सुरू करून टाळी.

घर माळवदाचं असेल तर नशीब. मातीच्या जाड भिंती आणि वरची माती घुमारा पिऊन टाकतात. मी पाहिलेल्या कित्येक स्टुडिओपेक्षा अशी खोली बरी. स्लॅबचं आणि फरशीचं घर असेल तर आजीच्या पाठीमागं आणि दोन्ही बाजूंना दोरीवर वाकळी टांग, घरात असतील तेवढ्या. फ्रीज बंद, पंखा बंद. पहाटे चारला बस. गावात तेव्हा मोटारी चालू नसतात, आणि तिच्या अंगाला दळायची सवय त्याच वेळेची आहे. बांगड्यांचा आवाज येईल, तो येऊ दे. काढायला सांगू नकोस.

फोन विमान मोडवर. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये वेव्ह निवड, ४८ किलोहर्ट्झ, मोनो. मिनिटाला साधारण पावणेसहा एमबी जागा लागते, तासाला साडेतीनशेच्या आत, म्हणून आधी फोनमधले जुने व्हिडिओ काढून टाक. आवाज आपोआप सुधारणारं किंवा मागचा आवाज कमी करणारं काही चालू असेल तर बंद कर. ते जात्यालाच गोंगाट समजून कापायला बघतं. माइकवर नख खाजव, जात्यावर टिचकी मार, ऐक. पहिली फाइल सुरू झाली की आजीकडूनच वदवून घे : तिचं नाव, माहेर कुठलं, सासर कुठलं, या ओव्या कुणाकडून ऐकल्या. पन्नास वर्षांनी ते ओव्यांइतकंच मोलाचं असेल.

पहिल्या पाच मिनिटांनी थांब. हेडफोन आजीच्या कानाला लाव, आवाज आधी अगदी बारीक ठेवून, आणि तिचंच तिला ऐकव. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांनी आपला आवाज बाहेरून कधी ऐकलेला नसतो. बावरली तर हात धरून बस. एकदा ऐकलं की दुसऱ्या बैठकीला ती विसरलेल्याही ओव्या काढील. एका दिवसात अर्ध्या तासापेक्षा जास्त ताणू नकोस. तीन पहाटा ठेव.

फाइली त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरव, एक पेन ड्राइव्ह भावाकडे दे. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या तर ऑडिओ म्हणून नको, आवाज दाबला जाऊन बिघडू शकतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव, जशीच्या तशी जाते. आणि दिवाळी झाल्यावर त्यातली एक ओवी मला पाठव. डॉक्युमेंट म्हणूनच.